अहमत तुर्क यांच्यासारख्या कुर्द नेत्याचे अल्पचरित्र कसे लिहावे

टोळीप्रमुखाच्या (जमातीच्या प्रमुखाच्या) घरातून राजकारणात आलेल्या कुर्द, म्हणजे तुर्कस्तानातील एका अल्पसंख्य समाजातल्या, नेत्याचे चरित्र लिहिताना घराण्याची ओळख करून द्यावी, मात्र तेथेच रेंगाळू नये. तुर्कस्तानातील मार्दिन प्रांतात 1942 मध्ये जन्मलेले अहमत तुर्क हे कांजो टोळीच्या प्रतिष्ठित कुटुंबातले. अशा टोळीला तिकडे ‘आशिरेत’ म्हणतात. तिच्यामुळे मते आणि मान मिळतो, पण त्यावरून नेत्याची भूमिका ठरत नाही, हा भेद लेखात आधीच स्पष्ट करावा.

कुर्द माणसाचे आडनाव ‘तुर्क’ कसे, हा प्रश्न वाचक विचारणारच. म्हणून 1934 च्या आडनाव कायद्याने सर्वांना तुर्की आडनाव घेणे भाग पाडले, हे एका वाक्यात सांगून टाकावे.

मुख्य भर संघर्षावर हवा. 1973 मध्ये ते प्रथम संसदेत गेले, 1980 च्या लष्करी उठावानंतर दियारबाकिरच्या कुप्रसिद्ध तुरुंगात राहिले आणि फेब्रुवारी 2009 मध्ये संसदेतील पक्षबैठकीत कुर्दी भाषेत बोलू लागताच सरकारी दूरचित्रवाणीने प्रक्षेपण थांबवले. माझ्या मते चरित्राचा आरंभच या प्रसंगाने करावा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये घटनात्मक न्यायालयाने त्यांच्या पक्षावर बंदी घातली.

महापौरपदाच्या तारखा मात्र जोडीनेच द्याव्यात: 2014, 2019 आणि 2024 मध्ये मार्दिनने त्यांना निवडले, 2016, 2019 आणि 2024 मध्ये सरकारने त्यांना हटवून प्रशासक नेमला.