टर्बो गाडीत वाढीव क्षमतेचा बूस्ट सेन्सर बसवणे आणि त्याचे कॅलिब्रेशन

बूस्ट सेन्सर बदलल्याने गाडीची ताकद वाढत नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट केलेले बरे, कारण 'मोठा सेन्सर टाकला की पिकअप वाढतो' असा समज अनेकांचा असतो. इनटेक मॅनिफोल्डमधील हवेचा दाब मोजून तो व्होल्टच्या रूपात ईसीयूला (इंजिनावर नियंत्रण ठेवणाऱ्या संगणकाला) कळवणे, एवढेच या सेन्सरचे काम आहे. मूळ सेन्सर २.५ बारचा असेल आणि रिमॅप (ईसीयूमधल्या आकड्यांतील फेरबदल) किंवा मोठ्या टर्बोमुळे प्रत्यक्ष दाब त्यापलीकडे जाणार असेल, तरच ३ किंवा ४ बारच्या सेन्सरची गरज पडते. दाब जुन्या मर्यादेतच राहणार असेल तर बदल करू नये. तेच ५ व्होल्ट मोठ्या पट्ट्यावर पसरल्यामुळे मोजमापाचा बारकावा उलट कमी होतो.

येथे 'बार' म्हणजे निरपेक्ष दाब, हे ध्यानात ठेवावे. डॅशबोर्डवर लावलेले बूस्ट गेज वातावरणाच्या दाबापेक्षा जास्तीचा दाब दाखवते, तर सेन्सर निर्वात अवस्थेपासूनचा एकूण दाब मोजतो. म्हणून सेन्सरच्या आकड्यातून स्थानिक हवेचा दाब वजा केल्यावरच खरा बूस्ट कळतो, आणि मराठवाड्यात हा स्थानिक दाब पुस्तकातल्या १०१ किलोपास्कलएवढा (१ बार म्हणजे १०० किलोपास्कल) नसतो. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंचीवर असल्याने तेथे हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो. नांदेड गोदाकाठी बरेच खाली असल्याने तेथे तो ९७ च्या जवळ जातो. मोबाइलमधील हवामानाचे ॲप मात्र संभाजीनगरातही १००८ किंवा १०१० हेक्टोपास्कल (१० हेक्टोपास्कल म्हणजे १ किलोपास्कल) असा आकडा दाखवते, कारण तो समुद्रसपाटीला रूपांतरित केलेला असतो. त्या आकड्यावर सेन्सर जुळवला तर पहिल्याच पायरीवर सहा-सात किलोपास्कलची चूक कायमची घुसते. फोनमध्ये बॅरोमीटर असल्यास त्याचे थेट वाचन घ्यावे. तसे नसेल तर ईसीयूमधला वातावरणीय दाबाचा स्वतंत्र सेन्सर स्कॅनरवर (ईसीयूमधील आकडे वाचणाऱ्या यंत्रावर) पाहावा, जो बऱ्याच गाड्यांत असतो.

खरेदी करताना किमतीपेक्षा माहितीपत्रकाला महत्त्व द्यावे. कोणत्या दाबाला किती व्होल्ट मिळतात हे किमान दोन बिंदूंसाठी लिहिलेले नसेल, तर तो सेन्सर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. चार पिनांच्या सेन्सरमध्ये दाबाबरोबर हवेचे तापमानही मोजले जाते, त्यामुळे तापमानाचा तक्ताही मागून घ्यावा. कपलर (वायरचा प्लग) सारखा दिसला म्हणजे पिनांचा क्रम सारखा असतो असे गृहीत धरू नये.

जुना सेन्सर काढण्यापूर्वी एक नोंद अवश्य घ्यावी. इंजिन बंद ठेवून फक्त चावी 'ऑन' करावी आणि स्कॅनरवर मॅनिफोल्डचा दाब वाचून लिहून ठेवावा. इंजिन फिरत नसताना मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्याच हवेचा दाब असतो, म्हणून हा आकडा पुढच्या सगळ्या तपासणीचा आधार ठरतो.

प्रत्यक्ष बसवण्याचे काम तसे थोडक्यात आटोपते. इंजिन थंड असताना बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी, कपलरचे कुलूप दाबून तो सरळ ओढावा आणि बोल्ट काढून सेन्सर हलक्या हाताने फिरवत बाहेर घ्यावा. आजूबाजूची धूळ आधी ब्रशने व हवेच्या झोताने साफ करावी. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यांवरून फिरलेल्या गाडीच्या मॅनिफोल्डवर मातीचा थर असतोच, आणि उघड्या छिद्रातून आत गेलेली माती थेट सिलिंडरमध्ये पोहोचते. डिझेल गाडीत ईजीआरमुळे (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेमुळे) छिद्राच्या तोंडाशी तेलकट काजळीही जमलेली आढळेल. ती पुसून काढावी, खरवडून आत ढकलू नये. नव्या ओरिंगला (सेन्सरभोवतीच्या रबरी कडीला) स्वच्छ इंजिन ऑइलचे बोट लावावे. सिलिकॉनचा लेप मात्र टाळावा, कारण त्याचे तुकडे सेन्सरचे तोंड बंद करतात. बोल्ट बेताने आवळावा. प्लास्टिकच्या मॅनिफोल्डचे आटे एकदा गेले की सेन्सरपेक्षा महागडे काम मागे लागते. जागा निवडण्याची मुभा असेल तर सेन्सरचे तोंड खालच्या बाजूला राहील असे पाहावे, म्हणजे तेल आणि ओलावा आत साचत नाही.

वायरिंग बदलावे लागल्यास एक नियम काटेकोरपणे पाळावा: सेन्सरची अर्थिंग ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडलाच जोडावी, बॉडीला नाही. बॉडीतून इतर उपकरणांचा प्रवाहही वाहत असल्याने तेथे होणारा किरकोळ व्होल्टेज फरक थेट दाबाच्या चुकीत उतरतो. नुसत्या पिळलेल्या तारांवर टेप गुंडाळण्याऐवजी टर्मिनल क्रिम्प करून (दाबून घट्ट बसवून) त्यावर हीटश्रिंक (तापवल्यावर आकसणारी नळी) चढवावी आणि वायर टर्बोच्या उष्णतेपासून दूर न्यावी. त्यानंतर मल्टिमीटरने पुरवठा तपासावा. तो ५ व्होल्टच्या अगदी जवळ असायला हवा, कारण बहुतेक सेन्सरांचे उत्तर पुरवठ्याच्या प्रमाणात बदलते, ४.९ व्होल्ट मिळाले तर प्रत्येक वाचन दोन टक्क्यांनी खाली येते.

खरे काम इथून पुढे सुरू होते. समजा, जुना सेन्सर २० किलोपास्कलला ०.५ व्होल्ट आणि २५० ला ४.५ व्होल्ट देत होता, तर नवा २० ला ०.५ आणि ३०० ला ४.५ व्होल्ट देतो. जुन्याचा उतार (दर व्होल्टमागे वाढणारा दाब) ५७.५ किलोपास्कल प्रति व्होल्ट व ऑफसेट (शून्य व्होल्टला हिशेबाने येणारा आकडा) उणे ८.७५ येतो, नव्याचा उतार ७० व ऑफसेट उणे १५ येतो. आता सेन्सर बदलला पण ईसीयूमधले आकडे तसेच ठेवले, तर काय होते ते पाहू. ईसीयूला २०० किलोपास्कल हवे असतात, आणि तेवढे दिसेपर्यंत तो टर्बोला जोर लावत राहतो. जुन्या हिशेबाने २०० दिसायला ३.६३ व्होल्ट लागतात, पण नवा सेन्सर तेवढे व्होल्ट देतो तेव्हा मॅनिफोल्डमध्ये प्रत्यक्ष २३९ किलोपास्कल झालेले असतात. म्हणजे टर्बो मर्यादेबाहेर पळत असतो आणि स्कॅनरवर मात्र दाब कमी असल्याचा 'पी ०२९९' हा कोड दिसू शकतो. अशा वेळी कोडवर विसंबून होज पाईपमधली गळती शोधत बसणारा मेकॅनिक दिवस वाया घालवतो. मॅनिफोल्डच्या दाबावरून इंधन ठरवणाऱ्या पेट्रोल इंजिनात धोका आणखी मोठा असतो. कमी दाब दिसल्याने इंधन कमी पडते, मिश्रण विरळ होते आणि भर उन्हात ४२ अंशांच्या हवेत नॉकिंग होऊन (मिश्रण अवेळी पेटून) पिस्टन खराब होऊ शकतो.

म्हणून ईसीयूच्या फाइलमध्ये उतार आणि ऑफसेट हे दोन्ही आकडे बदलून घ्यावेत. काही सॉफ्टवेअर मिलिबारमध्ये (१ किलोपास्कल म्हणजे १० मिलिबार) हिशेब करतात. तेथे ७० ऐवजी ७०० लिहावे लागते. तापमानाचा तक्ता वेगळा असेल तर तोही बदलावा, आणि बिघाड ओळखण्याच्या व्होल्टेज मर्यादा नव्या सेन्सरशी जुळतात का ते पाहावे. कमाल दाबाची सुरक्षा मर्यादा मात्र सेन्सर ३०० पर्यंत मोजू शकतो म्हणून ३०० वर नेऊ नये. ती टर्बो आणि इंजिनाच्या कुवतीवरच ठरते. फाइल लिहिण्यापूर्वी मूळ फाइलची प्रत जपून ठेवावी आणि लिहीत असताना बॅटरीला चार्जर लावून ठेवावा.

पहिली तपासणी पुन्हा चावी 'ऑन' व इंजिन बंद अशा अवस्थेत करावी. वरच्या उदाहरणातील सेन्सर ९५ किलोपास्कलला साधारण १.५७ व्होल्ट देईल. ईसीयूचे वाचन आधी लिहून ठेवलेल्या आकड्याशी एक-दोन किलोपास्कलच्या आत जुळायला हवे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी हवेचे आणि कूलंटचे तापमान जवळजवळ सारखे दिसले, तर तापमानाचा तक्ताही बरोबर आहे असे समजावे.

एकाच बिंदूवर जुळले म्हणजे कॅलिब्रेशन झाले, असे मात्र नाही. सेन्सर मॅनिफोल्डमधून काढून, कपलर जोडलेला ठेवून, त्याच्या नळीला एक रबरी पाईप घट्ट बसवावा आणि टी-जोड लावून एका बाजूला हातपंप व दुसऱ्या बाजूला खात्रीचे दाबमापी जोडावे. ०.५, १.० आणि १.५ बार असा दाब टप्प्याटप्प्याने देऊन प्रत्येक वेळी गेजचा आकडा अधिक स्थानिक हवेचा दाब ही बेरीज ईसीयूच्या वाचनाशी ताडून पाहावी. फरक सगळीकडे सारखा असेल तर ऑफसेट दुरुस्त करावा. दाबाबरोबर फरक वाढत असेल तर उतार चुकला आहे. टायरवाल्याकडचे गेज यासाठी पुरेसे नाही. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या औद्योगिक परिसरातील एखाद्या ओळखीच्या वर्कशॉपमधून तपासणी प्रमाणपत्र असलेले दाबमापी तासाभरासाठी मिळवता आले, तर तेच घ्यावे.

पंप नसल्यास डोंगराचा उपयोग करता येतो. संभाजीनगरहून म्हैसमाळला चढून इंजिन बंद करून वाचन घेतले, तर ते शहरातल्यापेक्षा साधारण ५ किलोपास्कलने कमी यायला हवे. यातून फक्त खालच्या भागाची खातरी होते, पण काहीच न तपासण्यापेक्षा ते बरे.

यानंतर मोकळ्या रस्त्यावर, कायदेशीर वेगमर्यादेत, तिसऱ्या गिअरमध्ये कमी आरपीएमपासून हळूहळू जोर देत मागणीचा दाब आणि प्रत्यक्ष दाब यांची नोंद घ्यावी. पहिल्याच फेरीत पूर्ण ॲक्सिलरेटर दाबू नये. नोंद घेताना स्वस्त ओबीडी ॲपचा (गाडीच्या तपासणी सॉकेटमधून माहिती वाचणाऱ्या ॲपचा) आकडा २५५ वर अडकलेला दिसला तर सेन्सरला दोष देऊ नये. मॅनिफोल्ड दाबाचा नेहमीचा ओबीडी संकेत एकाच बाइटचा असल्याने तो २५५ किलोपास्कलच्या वर मोजूच शकत नाही. त्यापुढचा दाब पाहायला कंपनीचे खास पॅरामीटर वाचणारा स्कॅनर लागतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलांवर निर्बंध आहेत, आणि अशा बदलांमुळे वॉरंटी व विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो. हा विचार टर्बोचा दाब वाढवण्याआधीच करावा.

नव्या सेन्सरचा भाग क्रमांक, उतार आणि ऑफसेट एका कागदावर लिहून तो गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावा. पुढे कधी दुसऱ्या गावच्या मेकॅनिकने बिघाड दुरुस्त करताना मूळ २.५ बारचा सेन्सर परत बसवला, तर वरच्या उदाहरणातील आकड्यांप्रमाणे चावी 'ऑन' करताच संभाजीनगरात ९५ ऐवजी १११ किलोपास्कल दिसतील. असा आकडा दिसल्यास इंजिन सुरू करण्यापूर्वी सेन्सरवरचा भाग क्रमांक त्या कागदाशी जुळवून पाहावा.