मोनास्तीरची 'पंधरा हजारी': एकेरीत उतरण्यापूर्वी

पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची सर्वांत खालची पायरी म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या 'एम 15' स्पर्धा; एकूण बक्षीस 15,000 डॉलर. ट्युनिशियातील मोनास्तीरला समुद्रकाठच्या रिसॉर्टमधील हार्ड कोर्टवर ती वर्षातील बहुतेक आठवडे भरत असल्याने, ज्युनियर गटातून बाहेर पडणाऱ्या आपल्याकडील मुलांचीही तेथे ये-जा असते. मी तेथे खेळलो आहे, आणि नव्याने जाणाऱ्याला माझे पहिले सांगणे असे, की एकेरीची निम्मी लढाई प्रवेशयादीतच लढली जाते.

महासंघाकडे खेळाडू म्हणून नोंदणी करून 'आयपिन' हा ओळख क्रमांक घेतल्याखेरीज प्रवेशिका भरता येत नाही. स्पर्धेच्या सोमवारच्या 18 दिवस आधीच्या गुरुवारी, आपल्याकडच्या संध्याकाळी साडेसातला, मुदत संपते. त्यानंतर लागणाऱ्या यादीत आपण मुख्य फेरीत आहोत, पात्रता फेरीत आहोत की राखीव खेळाडूंत, हे पाहूनच विमानाचे तिकीट काढावे. मागील काही आठवड्यांच्या याद्या उघडून शेवटचा प्रवेश कितव्या क्रमांकाला मिळाला, ते ताडून पाहिले तर अंदाज सहसा चुकत नाही; प्रशिक्षकांनी हे काम मुलांवरच सोपवावे, असे माझे मत आहे.

मुख्य फेरी 32 जणांची असते. पात्रता फेरीतील सामने साधारण रविवार-सोमवारी उरकतात आणि त्यांत सेटची बरोबरी झाल्यास तिसरा सेट न खेळवता 10 गुणांचा टायब्रेक, म्हणजे निकाल लावणारा छोटा डाव, होतो. उशिरा लय सापडणाऱ्या खेळाडूला हा प्रकार फार जाचक ठरतो, कारण समुद्रावरून वारा सुटला की सर्व्हिससाठी वर फेकलेला चेंडू हलतो आणि दोन दुहेरी चुकांतच (दोन्ही सर्व्हिस चुकून गुण गमावण्यातच) टायब्रेक हातचा जातो. म्हणून सरावात नुसते सेट खेळण्यापेक्षा 10 गुणांचे टायब्रेक मुद्दाम खेळावेत. बॉलबॉय नसल्यास चेंडू स्वतःच गोळा करावे लागतात, दोन गुणांमधला वेळ त्यातच जातो आणि दम खाण्याची सवय वेगळी लावून घ्यावी लागते.

पैशाचा हिशेब मात्र मन घट्ट करून मांडावा. पात्रता फेरी जिंकल्याचा जागतिक क्रमवारीचा गुण नाही. मुख्य फेरीत पहिला सामना जिंकला तर 1 गुण, विजेत्याला 15. पहिल्याच सामन्यात हरणाऱ्याला 156 डॉलर आणि विजेत्याला 2,160 डॉलर मिळतात, म्हणजे हॉटेल, जेवण आणि गटिंग (रॅकेटला तारा बसवणे) यांचा आठवड्याचा खर्चही बहुतेकांच्या हाती परत येत नाही. सुमित नागलसारख्या देशातील अव्वल एकेरीपटूनेही बँकेत 900 युरोच उरल्याचे 2023 मध्ये उघडपणे सांगितले होते. त्यामुळे एका आठवड्यासाठी न जाता सलग तीन-चार आठवड्यांचा मुक्काम ठरवावा. विमानभाडे तेवढेच राहते आणि हरलेल्या खेळाडूला पुढच्या रविवारी त्याच कोर्टवर पुन्हा संधी मिळते.

पात्रता फेरीच्या शेवटच्या सामन्यात पराभव झाला तरी लगेच बॅग भरू नये. रेफरीकडे लकी लूझर म्हणून, म्हणजे मुख्य फेरीतील कोणी माघार घेतल्यास त्याच्या जागी खेळण्यासाठी, वेळेत सही करावी आणि मुख्य फेरीतील पहिल्या फेरीचा शेवटचा सामना सुरू होईपर्यंत रॅकेट घेऊन कोर्टच्या आसपास राहावे. कोणाची पाठ धरते, कोणाचे पोट बिघडते, आणि बोलावणे येते तेव्हा हाताशी फार तर काही मिनिटे असतात.