प्रोटीन पेलेटमध्येच अडकत होतं, मग असं सुटलं
हिस-टॅगवालं (हिस्टिडिन या अमिनो आम्लाची शेपटी जोडलेलं) प्रोटीन, ई. कोलाय बीएल२१ या बॅक्टेरियामध्ये बनवायचं होतं, आणि जेलवर (जिथे प्रोटीन्स आकारानुसार वेगळी दिसतात) त्याचा बँड जेमतेम दिसायचा. पेलेटपण (पेशी फोडून सेंट्रिफ्यूज केल्यावर तळाला बसतो तो गाळ) जेलवर चालवून बघितला तर बहुतेक माल तिथेच, म्हणजे बनत होतं पण विरघळत नव्हतं. मग इंडक्शन (बॅक्टेरियाला प्रोटीन बनवायला लावणं) ३७ ऐवजी १८ डिग्रीला रात्रभर, त्यासाठीचं रसायन आयपीटीजी ०.१ मिलीमोलर, सोल्युबल (विरघळलेला) भाग बराच वाढला. खरी गंमत निकेल रेझिनची (हिस-टॅगला पकडून ठेवणारे मणी), प्रोटीन कमी असताना रेझिन जास्त घेतलं की रिकाम्या जागांवर बॅक्टेरियाचीच हिस्टिडिनवाली प्रोटीन्स येऊन बसतात, फुकट्या पाहुण्यांसारखी, म्हणून रेझिन अगदी थोडं घेतलं, बाइंडिंगलाच २० मिलीमोलर इमिडॅझोल (हिस्टिडिनशी जागेसाठी स्पर्धा करतं, सैल बसलेले पाहुणे हटवतं) टाकलं आणि इल्यूशन (प्रोटीन रेझिनवरून सोडवणं) २५० मिलीमोलर इमिडॅझोलला, छोट्या व्हॉल्यूममध्ये. बफरमध्ये धातू पकडणारं ईडीटीए नको हां, निकेलच ओढून नेतं. आता बँड ठळक येतो, खाली एक हलकासा आहे, तो जेल फिल्ट्रेशनला (आकारानुसार प्रोटीन्स वेगळी करणं) काढेन.