आधी उतार, मग चढ: कॅन्यनच्या मुलुखात या चुका टाळा

ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये राहायला लागून मला सोळा वर्षं झाली. ग्रँड कॅन्यनचा साउथ रिम, म्हणजे त्या प्रचंड दरीचा दक्षिण काठ, आमच्या दारापासून गाडीनं साडेतीन-चार तास. त्यामुळे मार्च उजाडला की फोन सुरू होतात, पुण्याहून, न्यू जर्सीहून, बे एरियातून. ‘तुमच्याकडे दोन दिवस टेकतो, मग कॅन्यन, झायॉन, ब्राइस, आर्चेस सगळं करून येतो.’ सगळं! चार दिवसांत! शेवटचे तिन्ही पार्क तर शेजारच्या युटा राज्यात. मी कणीक मळता मळता स्पीकरवर तेच ते सांगते आणि मंडळी तेच ते करून परत येतात. म्हणून आता लिहूनच ठेवते.

कॅन्यनला गड समजू नका

आपल्याकडचे ट्रेकर यात हमखास फसतात, आणि जितका जुना ट्रेकर तितका जास्त. गडाचं गणित सरळ असतं. आधी चढ, तोही सकाळच्या गारव्यात. दम लागला की माणूस आपोआप थांबतो, माघारी वळतो, आणि परतीची वाट उताराची असते. कॅन्यनमध्ये सगळं उलटं. साउथ रिम सात हजार फुटांवर. जूनमध्येही सकाळी तिथे स्वेटर लागतो. वाट खाली जाते, पाय ताजे असतात, फोटो झकास येतात. थांब म्हणणारं कोणी नसतं, स्वतःचे गुडघेसुद्धा नाही. जितकं उतराल तितकी हवा तापत जाते. तळाला कोलोरॅडो नदीपाशी उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो. आणि खरी चढण सुरू होते ती भर दुपारी, दमल्यावर.

तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये माझा भाचा आणि त्याचे तीन मित्र आले होते. मी सांगितलं, ब्राइट एंजल ट्रेलनं दीड मैलावर पहिली निवाऱ्याची जागा आहे, तिथून वळा. ‘आत्या, राजगड-तोरणा एका दमात केलेत आम्ही. तू काळजी करू नकोस.’ रिमवर पॅनकेक खाऊन दहाला निघाले. दीड मैल झाला, तीन मैल झाले, मग कोणीतरी म्हणालं की खाली झाडी दिसतेय. ती झाडी म्हणजे हवासुपाय गार्डन्स. साडेचार मैलांवर, रिमपासून तीन हजार फूट खाली. पूर्वी या जागेचं नाव इंडियन गार्डन होतं, २०२२ मध्ये बदललं. तिथे ओढा आहे, कॉटनवुडची सावली आहे. पोरांनी पाण्यात पाय सोडून व्हिडिओ केले आणि पाऊण वाजता वर निघाली.

वहिनी आणि मी रिमवर. चार वाजले, सहा वाजले. वहिनींनी दोनदा विचारलं, ‘येतील ना हो?’ मी ‘येतील’ म्हणत होते आणि दुर्बिणीतून वाटेची वळणं मोजत होते. खाली तीन मैलांच्या निवाऱ्यापाशी एकजण उलट्या करत पडला होता, हे आम्हाला नंतर कळलं. गंमत म्हणजे तो पाणी प्यायला नव्हता असं अजिबात नाही. वाटभर घटाघटा पीत आला होता, पण सकाळच्या पॅनकेकनंतर पोटात कण नव्हता. घामातून मीठ गेलं आणि वरून नुसतं पाणी ओतलं, की रक्तातलं मीठ पातळ होतं. मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं, सगळं उष्माघातासारखंच दिसतं. रेंजरबाई आल्या तेव्हा त्यांनी ‘पाणी प्यायलात का’ असं विचारलंच नाही. पहिला प्रश्न होता, ‘काय काय खाल्लंत?’ मग खारी बिस्किटं चारली, शर्ट भिजवायला लावला आणि वाटेवरचं ऊन सरेपर्यंत चौघांना सावलीत बसवून ठेवलं. रात्री दहाला मोबाइलच्या उजेडात वर आले. वहिनी तासभर कोणाशी बोलल्या नाहीत.

वाटेवर पार्कवाल्यांनी पाटी लावलेली आहे. एक धडधाकट तरुण गुडघ्यांवर टेकून ओकतोय असं चित्र आहे तिच्यावर. लोक तिच्याबरोबर सेल्फी काढून पुढे जातात. यांनीही काढला होता, मी पाहिला.

माझी पद्धत सांगते, पटली तर घ्या. पहाटे पाचला डोक्याला दिवा लावून निघायचं. जागा ठरवायची नाही, घड्याळ ठरवायचं. एक तास उतरलं तर वर यायला दोन तास धरायचे. दहा ते चार उन्हात चालायचं नाही. डब्यात खारे शेंगदाणे, तिखट शेव, भाकरवडी आणि लिंबाच्या लोणच्याच्या चार फोडी. दर अर्ध्या तासानं काहीतरी तोंडात, भूक नसली तरी. महागड्या पावडरींची पाकिटं घेणाऱ्यांना घेऊ देत. अंगात साधा सुती शर्ट, आणि नळ दिसला की तो पिळायचा नाही, थबथबता घालायचा. साउथ कायबॅब ट्रेलवर तर पाण्याचा थेंब नाही. तिथे पहिल्यांदा जाणाऱ्यानं दीड मैलावरच्या सीडर रिजवरून मुकाट परत यावं. नदीपर्यंत जाऊन एका दिवसात परत, हा विचार मला कोणी फोनवर ऐकवू नये. मी विषय बदलते.

फोनला रस्ता दिसतो, माती दिसत नाही

ही चूक माझी स्वतःची. ॲरिझोनातल्या पेज गावाहून ब्राइसला निघालो होतो. फोननं कॉटनवुड कॅन्यन रोड सुचवला, हायवे ८९ वरून थेट कॅननव्हिलला निघणारा. पंचेचाळीसएक मैल कच्चा रस्ता. वाटलं, अंतर वाचेल आणि डोंगरही बघायला मिळतील. आदल्या रात्री पाऊस झाला होता, पण सकाळी आकाश लख्ख होतं.

पहिले तीन मैल मजेत. मग करडी माती लागली आणि गाडी आपल्याआपण तिरकी चालायला लागली. नवऱ्यानं ब्रेक लावला तर आणखी तिरकी. उतरले तर बुटाला हा एवढा गोळा. पुढच्या पावलाला त्यावर दुसरा थर. तेव्हा ट्यूब पेटली. माझं माहेर सोलापूरकडचं. पावसात काळ्या रानात चप्पल घेऊन जायचं नाही, ती मातीच घेऊन बसते, हे मला चौथीत असताना माहीत होतं! इथली करडी माती त्याच जातीची. पाणी प्यायली की फुगते, साबणासारखी होते, वाळली की भेगाळते. आमच्या काळ्या मातीतही तसलाच चिकणमातीचा अंश. चाळीस वर्षांत शिकलेलं फोनवरच्या एका निळ्या रेषेपायी विसरले.

चाकं आणि मडगार्डच्या मध्ये माती इतकी गच्च बसली की चाक फिरेना. नवरा स्क्रू-ड्रायव्हरनं ती खरवडत बसला, वडील बैलगाडीची चाकं उलथण्यानं खरवडायचे तसा. फोनला रेंज शून्य. रात्र गाडीतच काढली, सोलापुरी चादरी होत्या म्हणून थंडी निभावली. दुसऱ्या दिवशी दुपारी वरचा थर वाळला तेव्हा हळूहळू मागे आलो. आणि भाड्याची गाडी असेल तर करारात बहुतेक वेळा कच्चा रस्ता चालत नाही, म्हणजे ओढून न्यायचा खर्च तुमचा.

तेव्हापासून मी फोनचं ऐकत नाही. बिग वॉटर किंवा कॅननव्हिलच्या व्हिजिटर सेंटरमध्ये जाऊन माणसाला विचारते. काउंटरवरचा माणूस ‘आज नको’ म्हणाला की डांबरीनं लांबून जाते. काल कोणी गेलं होतं याला काही अर्थ नाही, रात्री पाऊस झाला का ते विचारा.

आपल्या डोक्यावरचं आकाश बघून घळीत शिरणं

सांदण दरीत पावसाळ्यात कोणी उतरत नाही, कारण पाऊस समोर दिसतो. इथे तो दिसतच नाही. १२ ऑगस्ट १९९७ ला पेजजवळच्या लोअर अँटिलोप कॅन्यन या अरुंद घळीत ११ जण वाहून गेले. पाऊस झाला होता मैलोन् मैल लांब, घळीपाशी जेमतेम. सप्टेंबर २०१५ मध्ये झायॉनच्या कीहोल कॅन्यनमध्ये एका गटातले सातही जण गेले. उघडा खडक पाणी जिरवत नाही, दूरवरचा सगळा पाणलोट त्या हातभर रुंदीच्या फटीत येतो. जुलै ते सप्टेंबर इथलाही मॉन्सून असतो, आणि ढग बहुधा दुपारी फुटतात. त्या महिन्यांत वरच्या अंगाला कुठेही वादळाचा अंदाज असेल तर मी घळीत पाऊल टाकत नाही, पैसे बुडाले तरी. झायॉनच्या नॅरोज घळीत नदीच्या पाण्यातून चालताना पाणी अचानक गढूळ झालं किंवा काड्या-पानं वाहत यायला लागली, तर कॅमेरा आवरत बसू नका, आधी उंचावर चढा.

घड्याळ

ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. युटा करतं. नावाहो लोकांचा प्रदेश ॲरिझोनात असूनही करतो. त्याच्या पोटातला होपींचा प्रदेश करत नाही. पेजजवळच्या अँटिलोप कॅन्यनच्या टूर मात्र पेजच्या वेळेनं चालतात. नावाहोंच्या मॉन्युमेंट व्हॅलीत नऊची जीप होती, मी हातातल्या घड्याळात पावणेनऊला ऐटीत पोचले. तिथे पावणेदहा झाले होते. फोन तर टॉवर सापडेल तसा मत बदलतो. बुकिंग करताना ‘कुठली वेळ’ हे विचारून कागदावर लिहा.

आता उरलेलं भरभर.

साउथ रिमवरून नॉर्थ रिम समोर दिसतो, दहा मैलांवर. रस्त्यानं ते दोनशेहून जास्त मैल आहेत. ‘संध्याकाळी तिकडे चक्कर मारू’ असलं काही होत नाही. शिवाय जुलै २०२५ च्या वणव्यात तिकडचं जुनं लॉज जळालं, तेव्हा काय उघडं आहे ते बघून निघा.

साउथ रिमवरचं मेदर, झायॉनचं वॉचमन ही कॅम्पग्राउंडं सहा महिने आधी उघडणाऱ्या बुकिंगमध्ये झटक्यात भरतात. गुरुवारी फोन करून शनिवारची जागा मागणाऱ्यांना मी काय सांगू? झायॉनच्या एंजल्स लँडिंग सुळक्यावर चढायला एप्रिल २०२२ पासून परमिट लागतं, ते लॉटरीतून मिळतं, ओळख चालत नाही.

आई-बाबा भारतातून येणार असतील तर खर्च नीट धरा. २०२६ पासून ग्रँड कॅन्यन, झायॉन, ब्राइससह ११ पार्कांत परदेशी पाहुण्यांना माणशी १०० डॉलर जादा आहेत, नाहीतर त्यांच्यासाठीचा २५० डॉलरचा वार्षिक पास. कुठलाही पास मॉन्युमेंट व्हॅली आणि अँटिलोपला चालत नाही, ती नावाहोंची जमीन आहे.

ब्राइस आठ हजार फुटांच्या वर आहे. मे महिन्यात तंबूबाहेर ठेवलेलं पाणी सकाळी गोठलेलं मिळतं.

आर्चेसजवळच्या मोॲब गावाकडे वाळूवर काळसर, खडबडीत खपली दिसेल. ती मळ नाही, जिवंत आहे, तिच्यामुळे वाळू जागेवर राहते. एक पाऊल पडलं की भरून यायला कित्येक वर्षं जातात. फोटोसाठी वाट सोडून त्यावर उभे राहणाऱ्यांशी माझी दोनदा भांडणं झाली आहेत.

युटातल्या ग्रीन रिव्हर ते सलायना या गावांमध्ये, आय-७० हायवेवर शंभराहून जास्त मैल पेट्रोल पंप नाही. टाकी अर्धी असली तरी भरा.

खारीला शेंगदाणा देऊ नका. गोड दिसते, बोट फोडते. टाके पडलेला एकजण आमच्या ओळखीत आहे.

भाचा या ऑक्टोबरात पुन्हा येतोय. या वेळी नदीकाठच्या ब्राइट एंजल कॅम्पग्राउंडचं दोन रात्रींचं परमिट त्यानं रीतसर काढलंय. परवा फोन आला तेव्हा पहिला प्रश्न होता, ‘आत्या, तिकडे भाकरवडी मिळते, की पुण्याहून आणू?’