नेट नसलेल्या लॅबमध्ये थॉनी: आधी वहीत उत्तर, मग एफ७

नेटचा भरवसा नाही, दुपारी लाइट कधी जाईल सांगता येत नाही, अशा लॅबमध्ये पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायची असेल तर ब्राउझरवर चालणारी साधनं बाजूला ठेवा आणि थॉनी घ्या. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात नवशिक्यांसाठी तयार झालेलं, पायथन लिहायचं आणि चालवायचं हे फुकट सॉफ्टवेअर. पायथन त्याच्यासोबतच येतो. एकदा डाउनलोड करून पेनड्राइव्हने सगळ्या मशीनवर टाका. लॅबमध्ये विंडोज ७ची मशीन असतील (तालुक्याच्या कॉलेजात असतातच) तर पायथन ३.८ सोबतचा इन्स्टॉलर निवडा, पुढचा पायथन त्यावर चालत नाही. मग ‘व्ह्यू’ मेन्यूतून ‘व्हेरिएबल्स’ची चौकट उघडा, कुठल्या नावात आत्ता कोणती किंमत आहे ते ती दाखवते. पोरांची नजर तासभर तिथंच हवी.

उदाहरण घरचं घ्या. एका बाईनं पाच दिवसांत वेचलेला कापूस, किलोमध्ये: ४२, ३८, ४५, ४०, ३५. या यादीची बेरीज करणारा फॉर लूप (तीच कृती फेरी-फेरीनं करणारा कोड) फळ्यावर लिहा, पण रेंज, म्हणजे यादीतले कितवे आकडे घ्यायचे ते, मुद्दाम १ ते ५ अशी द्या. चालवण्याआधी प्रत्येकानं उत्तर वहीत लिहायचं. ही अट सैल केली की पोरं नुसती कळ दाबत पट्टी सरकताना बघतात, डोक्यात काही उतरत नाही. कोणी २०० लिहील. रेंजमध्ये ५ धरत नाहीत एवढं ठाऊक असलेला १६५ लिहील, शेवटचे ३५ सुटले म्हणून.

आता कंट्रोल धरून एफ५ दाबा, म्हणजे प्रोग्राम पायरी-पायरीनं चालू होतो; मग प्रत्येक पायरीला एकेक एफ७. ओळीतला एकेक तुकडा उजळतो आणि त्याच्या जागी त्याची किंमत येते. यादीतून पहिला आकडा येतो तो ३८. इथं थांबा, लगेच समजावू नका. एकूण १५८ होतं, कारण मोजणी शून्यापासून आणि सुटले ते पहिल्या दिवसाचे ४२.

दुसरा धडा इनपुटचा, म्हणजे कीबोर्डवरून आकडे घेण्याचा. १२ आणि ८ टाकले की बेरीज येते १२८. चौकटीत दोन्ही आकडे अवतरणचिन्हांत दिसतात, म्हणजे ते मजकूर आहेत. इंट (मजकुराचा पूर्णांक करणारं) लावून १२ चालेल, पण कोणी साडेबारा क्विंटल म्हणून १२.५ टाकलं की एरर. वजनाला फ्लोटच (दशांश चालणारं) लावा.

एका मशीनवर दोघं बसवा: एकाकडे कीबोर्ड, दुसऱ्याकडे वही, दर दहा मिनिटांनी अदलाबदल. यादी पाच-सात आकड्यांचीच ठेवा, हजार फेऱ्यांचा लूप एफ७ने कधी संपायचाच नाही. फाइल आधी सेव्ह करायला लावा, पण नाव ‘रँडम’ किंवा ‘टर्टल’ ठेवू देऊ नका. तसं ठेवलं तर इम्पोर्ट करताना पायथन त्याच नावाचं खरं मॉड्यूल (सोबत येणारा तयार कोड) सोडून पोराचीच फाइल उचलतो, आणि अर्धा तास चूक शोधण्यात जातो.