शिक्षकांच्या आस्थापनेवर रुजू होताना

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षण विभागात मला आस्थापनेचे, म्हणजे शिक्षकांच्या नेमणुका, बदल्या आणि सेवानोंदींचे टेबल मिळाले, तेव्हा सेवाविषयक नियम पाठ झाले की काम जमेल, असे वाटले होते. नियम लागतातच, परंतु त्याआधी लागते ती नोंद शेवटपर्यंत वाचण्याची सवय, आणि ती मला सेवापुस्तकांनी, म्हणजे कर्मचाऱ्याच्या नोकरीच्या नोंदवह्यांनी लावली.

निवृत्तीला तीन महिने उरलेल्या एका मुख्याध्यापकांचे निवृत्तिवेतनाचे प्रकरण माझ्याकडे आले. बारा वर्षांच्या सेवेनंतर लागू झालेल्या वरिष्ठ वेतनश्रेणीची वेतननिश्चिती पुस्तकात होती, मात्र वेतन पडताळणी पथकाने ती तपासल्याचा शेरा नव्हता आणि त्यामुळे प्रकरण अडले होते. दोन बदल्यांमध्ये ते पुस्तक तीन पंचायत समित्यांतून फिरले आणि कोणीही ती त्रुटी दूर केली नाही. चाळीस मैलांवरच्या गावाहून ते गृहस्थ दर आठवड्याला येत, शांतपणे विचारत आणि परत जात; ते मला आजही आठवते. म्हणून पुढील दोन वर्षांत निवृत्त होणाऱ्यांची यादी नव्या सहकाऱ्याने पहिल्याच आठवड्यात काढावी आणि त्यांची सेवापुस्तके मागवून घ्यावीत.

तीच नजर संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदे मिळणार हे ठरवताना लागते. तिचा आधार 30 सप्टेंबरची पटसंख्या असतो. शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार पहिली ते पाचवीच्या वर्गांना 60 मुलांपर्यंत 2 शिक्षक आणि 61 ते 90 मुलांना 3 शिक्षक आहेत, त्यामुळे सीमेवरच्या शाळेत एका विद्यार्थ्याची आधार क्रमांकाची नोंद जुळली नाही आणि तो पटात धरला गेला नाही, तरी एक शिक्षक अतिरिक्त ठरू शकतो आणि त्याचे समायोजन दुसऱ्या गावी होते. आकडे मुख्याध्यापक भरतात हे खरे असले, तरी अशा शाळांची खातरजमा परिसरातील शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रप्रमुखांकडून वेळेत करून घेणे ही आस्थापनेचीही जबाबदारी आहे, असे माझे ठाम मत आहे.

बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांची नोंद), शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरील रिक्त पदांची मागणी, शालार्थ या ऑनलाइन वेतन प्रणालीतील देयके ही कामे जुन्या सहायकाशेजारी बसून वर्षभरात हाती बसतात.

बदल्यांच्या काळात मात्र वेगळी कसोटी लागते. प्रक्रिया ऑनलाइन असली, तरी पती-पत्नी एकत्रीकरणाचा किंवा गंभीर आजाराचा दावा नामंजूर झालेला शिक्षक शेवटी आपल्याच टेबलासमोर उभा राहतो. त्याला ‘वरून आले आहे’ एवढेच सांगून परत पाठवू नये. कोणते प्रमाणपत्र कमी पडले आणि अपील कोणाकडे, किती दिवसांत करायचे, हे त्याच्या हातात लेखी द्यावे.