भंडारदऱ्याची भातखाचरं पाहायला जायचंय? सहल अशी आखा

भंडारदऱ्याला बहुतेक लोक धबधब्यांसाठी आणि काजव्यांसाठी जातात. माझ्या मते तिथलं खरं वैभव डोंगरउतारावरच्या भातखाचरांत, म्हणजे बांध घालून केलेल्या भातशेतांत आहे, आणि ते पाहायचं तर सुट्ट्यांच्या आधी भाताचं वेळापत्रक बघावं लागतं.

१. आधी महिना ठरवा. इथलं भात पावसाच्या पाण्यावर होतं. जूनमध्ये रोपं टाकतात, तीन-चार आठवड्यांत ती उपटण्याजोगी होतात आणि जुलैत आवणी, म्हणजे रोपांची लावणी, सुरू होते. तेव्हा वरच्या खाचरातलं जादा पाणी बांधाच्या तोंडातून खालच्या खाचरात उतरताना दिसतं. पिढ्यान्‌पिढ्या राखलेली ही पाण्याची वाटणी बघायची असेल, तर जुलैच निवडा. ऑगस्ट-सप्टेंबरात सगळा उतार गर्द हिरवा होतो.

मला विचाराल, तर ऑक्टोबरचा मधला काळ सर्वांत देखणा. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात पिवळं पडलेलं असतं, उशिरा पिकणारं गरवं अजून हिरवं असतं, आणि दोन्ही एकाच उतारावर शेजारी शेजारी. पाऊस लांबला की हे दिवसही पुढे सरकतात. म्हणून निघण्यापूर्वी मुक्कामाच्या घरी फोन करून ‘कापणी लागली का?’ एवढं विचाराच.

२. रस्ता. मुंबईहून इगतपुरी-घोटी, पुण्याहून संगमनेर-अकोले-राजूर. भंडारदरा धरणाजवळचं शेंडी गाव दोन्हीकडून साधारण पावणेदोनशे ते दोनशे किलोमीटर. पेट्रोल घोटीत किंवा राजूरला भरून घ्या, रोख पैसे जवळ ठेवा आणि नकाशा मोबाइलमध्ये उतरवून ठेवा. धरणाच्या जलाशयामागच्या गावांत रेंजचा भरवसा नाही.

३. उन्हाचा हिशेब करून फिरा. सह्याद्रीची मुख्य रांग इथे पश्चिमेला आहे, त्यामुळे रतनवाडीत सकाळचं ऊन खाचरांवर आणि मागच्या रतनगडावर थेट पडतं. संध्याकाळी मात्र डोंगराची सावली लवकर उतरते. म्हणून शेंडीहून सकाळी लवकर रतनवाडी गाठा. अमृतेश्वर मंदिराच्या आसपास गाडी लावून पायी फिरा. मग साम्रद, आणि दुपार कलल्यावर घाटघर. तिथे कोकणकडा, म्हणजे कोकणात उतरणारा डोंगरकडा, पश्चिमेला उघडा असल्याने शेवटपर्यंत उजेड मिळतो. परत येताना उडदावणे, मुरशेत करत जलाशयाची फेरी पुरी होते. धुकं उतरलं तर सूर्यास्तासाठी अडून बसू नका, वळणांचा रस्ता आहे. हा भाग अभयारण्यात येतो, त्यामुळे नाक्यावर प्रवेशशुल्क भरावं लागतं. जमलं तर आठवड्याच्या मधल्या वारी जा. पावसाळी शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा लागतात.

मुंबईकरांना वाटेत बारी गाव लागतं. तिथूनही सकाळीच कळसूबाईसकट खाचरं छान दिसतात.

४. बांधावर पाय देऊ नका. याबाबत मला कळकळीने सांगावंसं वाटतं. बांध मातीचा असतो. फोटोसाठी चौघं त्यावर चढली की तो खचतो, पाणी निघून जातं आणि ते पुन्हा अडवायला त्या शेतकऱ्याचा अख्खा दिवस मोडतो. पायवाटेनेच चाला. आवणी करणाऱ्या बायांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, आणि शेतात उतरायचं असेल तर मालकाला विचारून, कामाला हात लावायच्या तयारीने उतरा.

५. तांदूळ तिथूनच घ्या. आंबेमोहोर, काळभात अशी जुनी वाणं कुणाकडे आहेत का, याची चौकशी करा. ऑक्टोबरात नवा तांदूळ नसतो, गेल्या सालचा मागा. जुना तांदूळ मोकळा शिजतो. हातसडीचा, म्हणजे हाताने कांडलेला, मिळाला तर थोडाच घ्या आणि लवकर संपवा, कारण कोंड्यामुळे त्याला कीड लवकर लागते.